समोरचं ताट

आमच्या घरात जेवणाची वेळ घड्याळावर नव्हती, आबांच्या खोकल्यावर होती. आबा म्हणजे माझे सासरे. शेतातून आले की ते ओट्याखाली पाय धुवायचे, उपरण्यानं तोंड पुसायचे आणि एकदाच खोकायचे. तेवढ्यात तव्यावरची भाकरी फुगलेली असली पाहिजे. ते पाटावर टेकेपर्यंत ताट वाढलेलं, आणि भाकरी सगळ्यांत शेवटी, तव्यावरून थेट ताटात. गार भाकरी आली तर ते रागावत नसत. नुसती दोन बोटांनी ताटाच्या कडेला सारायचे. ते सारणं सासूबाईंना शिवीपेक्षा जास्त लागायचं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. मी मंठ्याकडची. माहेरी आम्ही सगळी एका मोठ्या परातीभोवती बसायचो. आई थापता थापता मधूनच एखादा घास तोंडात टाकायची, आणि वडील तिची शेवटची भाकरी होईपर्यंत काहीबाही बोलत रेंगाळायचे. लग्न होऊन कुंभार पिंपळगावच्या अलीकडं या गावात आले तेव्हा इथली शिस्त बघून मी गप्पच झाले. आधी आबा. मग माझा नवरा आणि कोणी पाहुणा असला तर तो. मग मी आणि पुढं माझी लेक. आत्याबाई सगळ्यांच्या मागून.

त्या चुलीकडं तोंड करून, दाराकडं पाठ करून बसायच्या. ताट मांडीवर. पदर नाकापर्यंत ओढलेला. जेवताना आबांची चाहूल लागली तर त्या ताट बाजूला सरकवून भांडी आवरायला लागायच्या, जणू काही खातच नव्हत्या. नवऱ्यासमोर तोंड हलवायचं नाही, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलेलं. मी या घरात आले, माझी लेक शिकायला बाहेरगावी गेली, तरी मी आत्याबाईंना एक पूर्ण जेवण जेवताना पाहिलं नव्हतं. त्यांना काय आवडतं, हेही मला माहीत नव्हतं. भांड्यात जे उरलं असेल ते त्यांना आवडायचं, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

स्वयंपाक साधाच. शाळूची भाकरी, तुरीचं वरण, कधी पातळ बेसन, कधी अंबाडीची भाजी आणि वरून लसणाचं तेल. हिवाळ्यात बाजरी, उन्हाळ्यात ताक आणि कांदा. भाजी नसली की येसराची आमटी. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ, घरात डबाभर असतंच. या सगळ्यात एक गोष्ट मात्र कधी शिजायची नाही, ती म्हणजे कण्या. ज्वारी जाडसर भरडायची, पाखडून पीठ वेगळं करायचं आणि उरलेले कण ताकात नाहीतर पाण्यात शिजवायचे. गरिबीतलं खाणं. मी नवी असताना एकदा हौसेनं विचारलं, "आत्याबाई, आज कण्या करू का?" त्यांनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "नको माय. ह्यांला बिलकुल चालत न्हाईत. लहानपणी इतक्या खाल्ल्या म्हनत्यात, की पुन्हा ह्या घरात त्याचं नाव काढायचं न्हाई."

तो विषय तिथंच संपला होता.

मागच्या हिवाळ्यात, तुरीच्या काढणीचे दिवस होते, आबा दुपारी जेवायला बसले. ताट वाढून मी वळले तर मागं वाटी कलंडल्याचा आवाज आला. बघते तर वरण पाटावर सांडलेलं, आबांचा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला आणि तोंडाची एक बाजू खाली ओढल्यासारखी. घास तोंडातच होता. आत्याबाईंनी स्वयंपाकघरातून बघितलं आणि धावत येऊन त्यांच्या तोंडात बोट घालून तो घास काढला. एरवी आबांना हात लागेल म्हणून त्या वाढतानासुद्धा लांबून वाढायच्या.

नवऱ्यानं शेजाऱ्यांची गाडी आणली, आम्ही आबांना जालन्याला नेलं. लकवा. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. हात हळूहळू हलायला लागला, पाय उचलता यायला लागला, जड का होईना पण बोलणं यायला लागलं. फक्त गिळणं आलं नाही. पाण्याचा चमचा दिला की ते खोकत सुटायचे, डोळे लाल व्हायचे. अन्न श्वासाच्या नळीत गेलं तर छातीत बिघाड होईल, म्हणून डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि तोंडानं काहीही द्यायचं नाही असं बजावून आम्हाला घरी पाठवलं.

ते दिवस मला अजून आठवतात ते वासांमुळं. किंवा वास नसल्यामुळं म्हणा. आबा पुढच्या खोलीत खाटेवर, आणि त्यांच्यामागच्या भिंतीपलीकडं स्वयंपाकघर. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी फोडणी बंद केली. मोहरी तडतडली की पलीकडून खाट करकरायची, म्हणून. मग भाकरी थापणं बंद झालं. थापण्याचा आवाज सगळ्या घरात जातो. त्या परातीत पाण्याच्या हातानं भाकरी नुसती दाबत पसरवायच्या, आवाज न करता, त्यामुळं कडा जाड राहायच्या आणि मधे चिरायची. आम्ही तिघं ती भाकरी गोठ्यात जाऊन खायचो. माझा नवरा तर बहुतेक पिंपळगावातच काहीतरी खाऊन यायचा आणि घरी आल्यावर तोंड धुवायचा, वास राहू नये म्हणून. आपल्याच घरात चोरी केल्यासारखं.

आबांना सिरिंजनं भरवायचं काम आत्याबाईंचं. दूध, वरणाचं वस्त्रगाळ पाणी, फळांचा रस. आबा तेव्हा भिंतीकडं तोंड करायचे. एकदा मी दारात उभी असताना आत्याबाई सिरिंज हळूहळू दाबत त्यांना सांगत होत्या, "हे मोसंबीचं हाये. गोड हाये." आबांनी डोळे मिटून घेतले. नळीतून जाणाऱ्याला काय गोड आणि काय कडू.

आणि एका दुपारी त्यांनी नळी उपसून टाकली. आम्ही धावलो तेव्हा ती त्यांच्या डाव्या मुठीत होती. माझा नवरा चिडला, "आबा, मी इथं जीवाचं रान करून राह्यलो, अन् तुम्ही हे काय करून राह्यले?" आबांनी मूठ सोडली नाही. पिंपळगावचे डॉक्टर घरी आले, त्यांनी शांतपणे नळी परत घातली आणि हात पुसता पुसता म्हणाले, "ह्यांची तब्येत बराबर सुधरायली. असं नळीवर किती दिवस ठेवणार? संभाजीनगरला गिळणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. जल्दी दाखवून या."

गिळणं शिकवतात, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आत्याबाईंनी डॉक्टर गेल्यावर मला विचारलं, "शिकवत्यात म्हंजे? लेकरावानी?"

त्या बाई म्हणजे माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी अशी मुलगीच होती. तिनं आबांना खुर्चीत ताठ बसवलं, गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि आधी चमचाभर पाणी दिलं. आबा खोकले. तिनं घाई केली नाही. ते शांत झाल्यावर तिनं घट्ट दही अर्धा चमचा दिलं. "आजोबा, हनुवटी खाली. छातीला लावा. हां. आता गिळा. अजून एकदा गिळा, रिकामंच. आता आ म्हणा, आवाज घरघरला तर घास अडकलाय."

आबांनी आ केलं. आवाज जाड होता, पण मोकळा होता.

"गेलं," ती म्हणाली.

माझ्या नवऱ्यानं भिंतीला हात टेकला. आत्याबाईंनी माझा दंड धरला होता, तो त्यांनी सोडला तेव्हा मला कळलं किती जोरात धरला होता ते.

मग तिनं समजावून सांगितलं. पातळ सध्या नको, दाट पाहिजे, आणि सगळं एकसारखं. चमचा वाकडा केला तर हळूच खाली पडावं, गळू नये. "घरी मऊ काय करता तुम्ही?" तिनं विचारलं. मी खिचडी म्हणाले, वरणभात म्हणाले. तिनं मान हलवली. खिचडीत दाणा वेगळा आणि पाणी वेगळं, तोंडात त्यांची फारकत होते, ते त्यांना सांभाळता येणार नाही. शेजारून आत्याबाई पुटपुटल्या, "कण्या."

"काय म्हणालात आजी?"

"काही न्हाई."

"ज्वारीच्या कण्या म्हणतात त्या," मी म्हणाले.

"ताकात शिजवलेल्या? चाळणीतून काढता येतील का? गुठळी राहायला नको."

"पुरणयंत्रातून काढता येत्याल," आत्याबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी आबांकडं बघितलं. आबा खिडकीकडं बघत होते. ऐकलं होतं त्यांनी.

"छान. आणि एक," ती म्हणाली, "सुरुवातीला समोर कोणीतरी बसायचं. तेच खायचं, त्याच चालीनं. आजोबा बघून करतील. नुसतं सांगून जमत नाही, बघून जमतं. आजी, तुम्ही बसा."

"म्या?" आत्याबाईंना वाटलं ती दुसऱ्या कोणाशी बोलतेय.

"हो."

"म्या त्यांच्यासमोर जेवत न्हाई."

ती हसली. तिला वाटलं आजी लाजतायत. "आता जेवा की. औषध समजा."

आत्याबाई हसल्या नाहीत.

परतताना वडीगोद्रीला गाडी थांबवली. रस्त्याकडेच्या हॉटेलातून भजी तळल्याचा वास येत होता. नवरा चहाचा कप घेऊन गाडीकडं पाठ करून उभा राहिला. मागच्या सीटवर आबांनी डोळे मिटले होते. आत्याबाई त्यांच्या शेजारी, हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत आणि सोडत. गाडी तीर्थपुरीच्या पुढं आल्यावर त्या एकदम माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तू बस बाबा समोर. तू लेक हायेस."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसला. आत्याबाईंनी पहाटेच ज्वारी भरडली होती. जातं किती दिवसांनी वाजत होतं. ताकात मंद आचेवर त्यांनी कण्या इतका वेळ शिजवल्या की कण बोटात चिरडावा. मग मीठ, आणि पुरणयंत्रातून एकदा, पुन्हा एकदा. पांढरट, मऊ, गुळगुळीत. दोन वाट्या भरल्या. माझा नवरा आबांसमोर मांडी घालून बसला आणि त्यानं पहिला चमचा तोंडात घातला तो गडपच केला. त्याला कधी सावकाश खाता आलंच नाही. आबांनी त्याच्याकडं बघून तसंच करायचा प्रयत्न केला आणि खोकल्याची जी उबळ आली ती थांबेना. खोकल्यानं ज्या घरात ताट वाढलं जायचं त्या घरात आता खोकला आला की वाटी बाजूला ओढावी लागत होती. नवरा घाबरून उठलाच. "मला न्हाई जमायचं हे," तो म्हणाला, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

मग मी बसले. पण आबांनी तोंडच उघडलं नाही. ते रागानं नव्हतं. इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोललेसुद्धा नव्हते. काही सांगायचं असलं तर "सूनबाईला म्हणावं" असं ते भिंतीला सांगायचे. सुनेसमोर बसून, बाळासारखी हनुवटी खाली घालून खाणं त्यांना शक्यच नव्हतं. मी वाटी घेऊन उठले आणि आत गेले.

आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मी वाटी त्यांच्यापुढं ठेवली. "मला लाज वाटती," त्या वाटीकडं बघत म्हणाल्या. "हसशील तू. म्हातारपणी कशाची लाज. पर वाटती."

"मी नाही हसत," मी म्हणाले. "मी बाहेर जाते. यांनाही घेऊन जाते. घरात तुम्ही दोघंच."

त्या उठल्या. डोक्यावर पदर घेतला आणि वाटी घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. मी बाहेर जाते म्हणाले खरी, पण दाराच्या आड थांबले. काही झालं तर कोण धावणार?

आत्याबाई आबांसमोर बसल्या. पदर पार हनुवटीपर्यंत आलेला. त्यांनी चमचा पदराच्या आत नेला. आबा बघत होते. त्यांना दिसत होता तो नुसता पदर, आणि त्याच्यामागं काहीतरी हलत होतं. त्यांनी चमचा उचलला, परत ठेवला. पुन्हा बघितलं. मग त्यांचं तोंड हलायला लागलं. शब्द जुळवायला त्यांना तेव्हा वेळ लागायचा.

"पदर," ते म्हणाले. "वर... घे. दिसंना."

आत्याबाई हलल्या नाहीत.

"दिसंना मला," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. अडचण होती फक्त.

आत्याबाईंनी पदर मागं घेतला. चेहरा मोकळा केला. मला त्यांची एकच बाजू दिसत होती, कान लाल झाला होता. त्यांनी चमचा भरला, अर्धाच. तोंडात घेतला. हनुवटी छातीला लावली आणि गिळलं. मग पुन्हा एकदा रिकामं गिळलं, त्या मुलीनं सांगितलं होतं तसं. आणि कोणी न सांगता, हळूच, "आ" म्हणाल्या.

आबांनी त्यांच्या गळ्याकडं बघत चमचा उचलला. डाव्या हातानं. घास तोंडात गेला. हनुवटी खाली. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. आम्ही खोकल्याची वाट बघत राहिलो. खोकला आला नाही.

"आ," आत्याबाई म्हणाल्या.

"आ," आबा म्हणाले. मोकळा आवाज.

"अजून एक?" आत्याबाईंनी विचारलं. लग्नापासून त्यांनी आबांना वाढलं होतं, पण आग्रह कधी केला नसेल असं मला वाटतं.

आबा वाटीत बघत होते. "कण्या," ते म्हणाले.

"हो. दुसरं काही उतरंना तुम्हाला. रागवायचं तर मंग रागवा. आधी गिळा."

त्यांनी गिळलं. पुन्हा गिळलं. वाटी संपायला किती वेळ लागला ते मी बघितलं नाही. मी मागच्या अंगणात आले. नवरा गोठ्यापाशी उभा होता, त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तो घाबरला, कारण मी रडत होते. "काय झालं?" "गेलं," मी म्हणाले. "सगळं गेलं, वाटीभर." तो गाईच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. नंतर म्हणाला, "मला भूक लागली." त्या दिवशी आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून जेवण केलं, दार उघडं ठेवून.

मग रोज तसंच. सकाळ, दुपार, संध्याकाळ, आत्याबाई आबांसमोर. संध्याकाळी माझा नवरा मोबाईलवर आबांचं आ रेकॉर्ड करून त्या मुलीला पाठवायचा आणि तिचं उत्तर येईपर्यंत ओट्यावर बसून राहायचा. "आवाज छान आहे. चालू ठेवा," असं आलं की तो ते आम्हाला वाचून दाखवायचा, मग आबांना, मग पुन्हा आत्याबाईंना.

कण्यांना आबांनी नावं ठेवली नाहीत. एक दिवस खाता खाता थांबून ते म्हणाले, "ह्या... ताकातल्या हाईत."

"मंग कशातल्या असत्यात?"

"आमच्या... नुसत्या पाण्यातल्या. मीठ बी... कधी असायचं, कधी न्हाई." त्यांनी पुढचा चमचा भरला. "ह्या चांगल्या हाईत."

आत्याबाईंनी आत येऊन मला ते सांगितलं तेव्हा त्या दबक्या आवाजात हसत होत्या. "इतकी वरसं उगाच घाबरले की मी."

पुढं कण्यांच्या जोडीला कुस्करलेला भोपळा आला, मग वरणात भिजवून मऊ केलेली भाकरी. पुन्हा संभाजीनगरला गेलो तेव्हा त्या मुलीनं सगळं तपासून नळी काढून टाकली. परत येताना वडीगोद्रीला नवऱ्यानं गाडी थांबवली आणि या वेळी कोणाला न विचारता आबांना हाताला धरून आत नेलं. आबांसाठी घट्ट दही मागवलं. टेबल लहान होतं. आत्याबाई उभ्याच होत्या, आम्ही जागा करून देईपर्यंत. मग त्या आबांसमोर बसल्या आणि आसपास ट्रकवाले, प्रवासी, पोरंटोरं असताना त्यांनी दही खाल्लं. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. भज्यांची प्लेट आली तेव्हा त्यांनी त्यातलं एक उचललं, मग दुसरं, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मला भजे लई आवडत्यात." हे मला त्या दिवशी कळलं.

घरी फोडणी परत सुरू झाली ती येसराच्या आमटीची. आत्याबाईंनी तेलात लसूण घातला आणि पुढच्या खोलीतून आबांनी हाक दिली, "काय करून राह्यली?" आवाज अजून थोडा जड होता, पण शब्द पूर्ण होता. "आमटी," त्या म्हणाल्या. "दाट करून द्यायली तुम्हाला. थांबा जरा." मी परात ओढली आणि पीठ घेतलं. त्या दिवशी भाकरी मी मुद्दाम जोरात थापली. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून बघायला आल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून.

उन्हाळा लागायच्या आधी त्या मुलीनं फोनवर सांगितलं, आता समोर बसायची गरज नाही, आजोबा आपले आपण खाऊ शकतात. फक्त सावकाश आणि ताठ बसून. आत्याबाईंनी ते ऐकून मान हलवली. दुपारी त्यांनी आबांचं ताट वाढलं, मऊ भाकरी, वरण, घट्ट दही, आणि ताट ठेवून त्या आत आल्या. चुलीपुढं बसून त्यांनी मांडीवर ताट घेतलं. दाराकडं पाठ. माझ्या मनात आलं, की झालं, औषधाचा कोर्स संपला.

पुढच्या खोलीतून आवाज काही येईना. मी डोकावले. आबा ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते.

"काही पाहिजे का?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीला सांगितलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "तिचं ताट कुठंय?"

मी आत्याबाईंना सांगितलं. त्या ताट घेऊन दारापर्यंत आल्या. "आता डॉक्टरीणबाईनं सांगितलं की, न्हाई लागत म्हनून."

"बस," आबा म्हणाले.

"मी मागनं जेवते. तुम्ही करा सुरू."

"बस. भाकर गार व्हायली तुझी."

त्या बसल्या. मी आत आले. भाकरी गार व्हायली, असं या घरात पहिल्यांदाच कोणीतरी आत्याबाईंना म्हणालं होतं. मी चुलीतला जाळ उगाच मागंपुढं केला.

त्यानंतर आमची जेवायची रीतच बदलली. तव्यावरून थेट ताटात ही गोष्ट बंद झाली, कारण तसं करायचं तर कोणीतरी चुलीपाशी अडकणारच. आता भाकऱ्या सगळ्या आधी करून फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवते. त्या कोमट राहतात. मग मी, माझा नवरा, आबा, आत्याबाई, सुट्टीला आली तर लेक, सगळे एकदमच बसतो. आबांचा उजवा हात अजून तितका चालत नाही, भाकरी आत्याबाई मोडून देतात. कोमट भाकरी आबांनी आजवर कडेला सारलेली नाही.

गेल्या महिन्यात आबांची मोठी बहीण राहायला आली. आत्याबाई त्यांना वन्सं म्हणतात. वयानं बरीच मोठी, पाठीत वाकलेली, पण नजर तेज. जेवणाची पंगत मांडलेली बघून त्या दारातच थबकल्या. आम्ही दोघी बायका आबांच्या पंगतीला, ताटं मांडलेली.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "बायका बी संगंच?"

आत्याबाईंचा हात ताटावरून मागं आला. मी त्यांच्याकडं बघितलं. इतक्या महिन्यांचं सगळं त्या एका क्षणात परत जातंय की काय, असं मला वाटलं.

आबांनी घास सावकाश गिळला. पाणी प्यायले, आता त्यांना पाणी चालतं. मग म्हणाले, "डॉक्टरचा हुकूम हाये. मला एकट्याला जेवायची मनाई हाये."

"आसं?" वन्संनी संशयानं विचारलं. "आजून?"

"आजून," आबा म्हणाले. "कायमचं."

माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. मी आमटी वाढायला लागले, हसू दिसू नये म्हणून. आत्याबाईंनी आबांकडं बघितलं, एक क्षणच, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

वन्संनी एकेका ताटाकडं बघितलं. मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या, आधी आमच्याकडं पाठ करून. मी ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी आमटीचा एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि अर्ध्या जेवणात कधीतरी त्या वळून आमच्याकडं तोंड करून बसल्या, कारण दुरडी आमच्या बाजूला होती.

"आजून एक भाकर दे," त्या म्हणाल्या. "कडक नको. मऊ."